नाळेवर बाई चालत नाही

निघोज्याच्या बाजूला एका बिल्डरने समुद्रावरचं जुनं गलबत आणून ठेवलंय, ही बातमी मला आईने सांगितली. तिला ती सकाळी बागेत तिच्याबरोबर फिरणाऱ्या बायकांकडून कळली होती. मला आधी वाटलं, रिसॉर्टवर असते तसली सिमेंटची होडी असेल, फोटो काढायला. पण मग कंपनीच्या बसमधून जाताना चाकण रोडला त्याची भलीमोठी पाटी दिसली. अस्सल लाकडी, शिडाचं, कोकण किनाऱ्यावर माल वाहणारं गलबत, जीर्णोद्धार करून संग्रहालयाच्या रूपात आपल्या सेवेत. जीर्णोद्धार देवळांचा करतात, बोटींचा नाही, असं मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला म्हटलंसुद्धा. ती झोपली होती.

गलबत म्हणे कुठल्याशा खाडीच्या चिखलात कितीतरी वर्षं कुजत पडलं होतं. ते तुकड्यांत कापून, आमच्या भागातल्या कंपन्यांच्या गाड्या ज्या ट्रेलरवरून जातात तसल्याच ट्रेलरवर घालून घाट चढवून आणलं. तळवड्याच्या कुठल्या तरी शेडमध्ये ते परत जोडलं. मग बिल्डरने आपल्या टॉवरच्या मधोमध निळ्या फरशीचं तळं बांधून त्यात ते उभं केलं आणि प्रत्येक टॉवरला एकेका समुद्राचं नाव दिलं. समुद्र राहिला घाटाखाली, आमच्या नळाला पाणी दिवसाआड, आणि ह्यांचं तळं काठोकाठ. ह्यावर मी आईपुढे भरपूर तोंडसुख घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला तिथे घेऊन चल.

आई कोकणातल्या एका खाडीकाठच्या बौद्धवाडीतली. वडील पिंपरीत कंपनीत होते, म्हणून लग्न होऊन इकडे आली आणि इथलीच झाली. पण त्याआधी, अगदी परकरातली पोर असल्यापासून, ती तिच्या आईबरोबर बंदरावर लाकडाच्या मोळ्या वाहायला जायची. मुंबईला जाणारं जळण गलबतात भरायचं काम होतं ते. गलबत उथळ पाण्यात उभं असायचं आणि त्यावरून एक फळी खाली सोडलेली असायची. बायका डोक्यावर मोळी घेऊन पाण्यातून चालत जायच्या. मोठ्या बाईला पाणी कमरेला लागायचं, आईला छातीला. फळीपाशी पोचलं की थांबायचं. इतर जातींच्या बायका फळीवरून गलबताच्या काठापर्यंत जाऊन ओझं टाकून येत, आमच्या वाडीतल्या बायकांनी फळीला पाय लावायचा नाही. त्यांची मोळी खलाशी वाकून वर ओढायचा आणि आत घेण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडायचा. पाणी कुठलं, तर त्याच खाडीचं, ज्यात आई उभी असायची. तिच्या अंगाला लागलेल्या पाण्यानेच तिची मोळी शुद्ध व्हायची. मी ही हकीकत लहानपणापासून ऐकत आलेय आणि अजूनही ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एक जागा मात्र अशी होती, जिथे कुठल्याच बाईने जायचं नाही. ती म्हणजे नाळ. गलबताच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. तिथे नारळ फोडायचा, तिथे हळदकुंकू लावायचं, आणि तिथे बाई चालत नाही. गलबताचा जो मुख्य, तो तांडेल. त्याला आईने एकदा खालूनच विचारलं होतं की वर असं काय आहे. वर काय आहे ते बाईमाणसाने बघायचं नसतं, असं तो म्हणाला. हे उत्तर तिच्या डोक्यात जे अडकलं ते अडकलंच. लग्न झालं, आम्ही झालो, वडील गेले, तिचे गुडघे गेले, पण गलबताचा विषय निघाला की ती म्हणायचीच, एकदा वर जाऊन बघायला पाहिजे होतं. आता गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख कधीही मिळणार होती, त्यानंतर जिना चढता येतो की नाही कोण जाणे. म्हणून निघोज्याचं गलबत ऐकल्यापासून तिने माझ्यामागे भुणभुण लावली होती.

आमच्याकडे गुरुवारी कारखाने बंद. गुरुवारीच गेलो. आईने ठेवणीतली इरकल नेसली होती. चाकणच्या चौकात आम्ही नेहमीसारखे अडकलो, कंटेनरच्या मध्ये, तरी ती समोर बघत बसून होती. रिक्षावाला मागे वळून म्हणाला की ते गलबत बघून त्याच्या पोरांनी घरी येऊन उच्छाद मांडलाय, आम्हालाही समुद्र दाखवा म्हणून. मी त्याला म्हटलं, बिल्डरला सांगा, तोही आणून देईल.

खरं सांगायचं तर गलबत देखणं होतं. मोठं होतं. उंच डोलकाठी, तिला गुंडाळलेलं पांढरं शीड, पोट फुगलेलं. आई तळ्याच्या कडेला उभी राहून खालून वर बघत राहिली, आणि मला कळलं की ती ते खालूनच ओळखते. आयुष्यभर तिने ते ह्याच बाजूने बघितलं होतं. फळीच्या जागी आता स्टीलचा जिना होता, कठड्यासकट. पहिल्या पायरीपाशी ती थांबली, सवयीने इकडेतिकडे पाहिलं, मग माझा हात धरून चढली. वर पोचल्यावर ती धापा टाकत होती आणि तिचा चेहरा असा काही फुलला होता की क्षणभर मी बिल्डरला माफ करून टाकलं.

ते फार टिकलं नाही. आत फायबरचे पुतळे होते. फायबरचा तांडेल, फायबरचे खलाशी, आणि खाली तळ्याच्या काठावर हातात आरती घेतलेली एक फायबरची गोरी बाई, तिच्याखाली लिहिलेलं, दर्यावर्दी संस्कृतीतील स्त्री. ती काठावरच होती, हे लक्षात घ्या. पोटात, जिथे पूर्वी माल भरायचे, तिथे एसी होता आणि लाटांचा आवाज लावलेला. भिंतीवर मालाची माहिती होती. कौलं, मीठ, नारळ, जळाऊ लाकूड. लाकूड कुठून यायचं, मुंबईत कुठे उतरायचं, सगळं होतं. ते गलबतात चढवलं कुणी, ह्यावर चकार शब्द नव्हता. मोळ्या बहुतेक स्वतःच्या पायांनी पाण्यातून चालत आल्या असाव्यात. मी हे जरा मोठ्याने बोलले, तर एक काका माझ्याकडे वळून बघायला लागले. आईने माझा दंड दाबला आणि म्हणाली, ते राहू दे, पुढे चल.

पुढे म्हणजे नाळेकडे. तिथे चारपाच लाकडी पायऱ्या वर जात होत्या आणि पायऱ्यांच्या तोंडाशी साखळी, साखळीशेजारी पाटी. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची, अगदी आमच्या कंपनीत क्रेनखाली लावतात तशी. मी क्वालिटीत काम करते, पाटी दिसली की वाचायची ही हाडात भिनलेली सवय आहे. पाटीवर लिहिलं होतं: परंपरेचा मान राखून महिलांनी नाळेवर जाऊ नये. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

मी ती दोनदा वाचली. तोपर्यंत दोन मुलगे साखळी ओलांडून वर गेले, पायात बूट, एकाच्या हातात वेफर्सचं पाकीट. वर जाऊन त्यांनी हात पसरून फोटो काढले. त्यांच्यामागून एक गृहस्थ गेले, त्यांच्या बायकोने साखळीच्या अलीकडे उभं राहून त्यांचा फोटो काढला आणि पर्स सावरत खाली वळली. तिला काही वाटलेलं दिसलं नाही. बूट चालत होते, वेफर्स चालत होते. अडचण फक्त आमची होती.

साखळीपाशी सिक्युरिटीची एक मुलगी उभी होती, युनिफॉर्मची टोपी तिच्या अंबाड्यावर बसत नव्हती. मी तिला विचारलं की हे काय आहे. ती खालच्या आवाजात बोलायला लागली, बोलणं मराठवाड्याकडचं. तिला स्वतःला ती पाटी पटत नव्हती, पण तिला तिथे उभं केलं होतं ते बायकांना अडवायलाच. आईने तिला विचारलं, तू तरी गेलीस का वर?

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "मला बी जाऊ देईनात. रोज हितंच उभी असते मी."

मी म्हटलं, बोलव तुझ्या साहेबाला.

साहेब आले. माझ्याच वयाचे, गळ्यात ओळखपत्र, बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात. मला मॅडम, आईला आजी. त्यांनी मला समजावलं की ह्या प्रकल्पाचं वैशिष्ट्यच अस्सलपणा आहे. कोकणात जाऊन त्यांच्या लोकांनी अभ्यास केला, जुन्या जाणत्यांशी बोलले आणि जसं होतं तसं जपलं. आम्ही आमच्या मनाचं काहीच घातलं नाही मॅडम, असं ते परत परत म्हणत होते. महिलांचा अपमान करण्याचा तर प्रश्नच येत नाही, उलट तळ्याकाठी खास स्त्रीचा पुतळा उभा केलाय.

मग मात्र माझा तोल गेला. मी त्यांना कठड्यापाशी नेलं आणि हाताने दाखवलं. अर्ध्याहून जास्त फळ्या नव्या, त्यांचा रंगच सांगतो. खिळे गेले, त्यांच्या जागी स्टीलचे बोल्ट. फटींत कापूस आणि राळ भरायचे, तिथे सिलिकॉन. दोर नायलॉनचे. शिडाला कोपऱ्यात कारखान्याचं लेबल अजून चिकटलेलं होतं. फळीचा जिना झाला, पोटात एसी बसला, तेव्हा परंपरा कुणाला आठवली नाही. चिखलातून काढलेल्या एवढ्या मोठ्या गलबतात जे काही होतं ते सगळं ह्यांनी बदललं आणि मूळचं, जसंच्या तसं, एकही ओरखडा न येऊ देता जपलं काय, तर विटाळ. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. ह्यांनी तर सुंभ नायलॉनचा आणला आणि पीळ जुनाच घातला.

आजूबाजूला माणसं जमली होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं, शॉप फ्लोअरवर मशीनच्या आवाजात बोलून माझा आवाज तसाही मोठा झालाय. मी त्यांना विचारलं, नाळ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत आहे ना? ती कुणाच्या पोटातून येते? तुमची कुणाच्या पोटातून आली होती? ज्या बाईच्या नाळेवर तुम्ही नऊ महिने जगलात तिला ह्या चार फळ्यांवर चढायला बंदी, आणि वर त्याबद्दल आगाऊ आभार. एकदोन बायका हसल्या. साहेब कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले, पण हसू त्यांनी सोडलं नाही. मॅडम, भावना समजतात, असं म्हणाले.

आईला घेऊन निघून जावं, असं मला वाटत होतं. दुसरीकडे वाटत होतं, साखळी उपटून तळ्यात फेकावी. पण आई हलेना. मी तिच्यासाठी भांडत होते खरी, पण तिचं माझ्या भांडणाकडे लक्षच नव्हतं. ती पायऱ्यांवरून वर बघत होती. तिला फक्त तेवढंच हवं होतं, आणि ते पाच पावलांवर होतं, आणि आपण ते न बघताच घरी जाणार असं मला स्पष्ट दिसायला लागलं. त्या विचाराने मला रडूच आलं, आणि रडू आल्याचा अजून राग आला. मी साहेबांना सांगून टाकलं की माझी आई अशीच गलबतं भरत होती, छातीभर पाण्यात उभी राहून, आणि तिला एकदाच वर जाऊन बघायचंय.

साहेबांचा चेहरा बदलला. खरोखर बदलला, मी खोटं बोलणार नाही. त्यांनी आईकडे नीट पाहिलं, हात जोडले, आणि म्हणाले की हे आधी सांगायचं ना. मग त्यांनी थोडा विचार केला आणि आवाज खाली आणून, फार मोठं मन दाखवत असल्यासारखं म्हणाले, "आजींना काही हरकत नाही. आजींचं वय झालंय. आता त्यांचा तसा काही प्रश्न नाही. ज्येष्ठ महिलांना आपण सवलत देऊ शकतो."

सवलत. बाहेर तिकिटाच्या खिडकीवरही हाच शब्द होता. तसा काही प्रश्न नाही म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. सिक्युरिटीच्या मुलीने मान खाली घातली. एवढी वर्षं आई जातीने बाटवणारी होती, मग बाई म्हणून बाटवणारी होती, आणि आता अंगातलं सगळं आटलं म्हणून तिला पवित्र ठरवलं जात होतं, तेही निघोज्यात, बिल्डरच्या तळ्यात. साहेबांनी स्वतःच्या हाताने साखळी काढली आणि या आजी म्हणाले.

आईने आधी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, हिचं काय? साहेब म्हणाले, मॅडमनी समजून घ्यावं. मग तिने सिक्युरिटीच्या मुलीकडे बोट केलं. साहेब नुसतेच हसले.

आई सत्तरी ओलांडलेली आहे. पाठीत वाकलेली, दात अर्धे. तिने पदर खांद्यावरून कमरेला घेऊन खोचला आणि बंदरावर हाकारायच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मला अजून कावळा शिवतो. आजच शिवलाय."

आणि तिने पायरीवर पाय ठेवला.

मग मागून कुणीतरी बाई फिसकन हसली आणि हसू पसरत गेलं. साहेबांचा हात साखळीसकट हवेत राहिला. त्यांना आईला अडवायचं होतं, पण अडवायचं म्हणजे धरायला हवं, आणि जी बाई चारचौघांत तसं म्हणाली तिला हात लावायचा की नाही हे त्यांना ठरवता येईना. एवढं शिकलेला माणूस, अंग चोरून बाजूला झाला. ते बघून मला जो राग आला तो मी अजून विसरलेले नाही. त्यांनी सिक्युरिटीच्या मुलीला हाक मारली आणि वर जाऊन आजींना खाली आणायला सांगितलं.

"कसं आणू साहेब?" ती शांतपणे म्हणाली. "मला वर चढायला मनाई हाय."

मी आईच्या मागोमाग निघाले. तिचे गुडघे कुरकुरत होते, प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय टेकून थांबत होती, मी मागून तिच्या पाठीला हात लावून होते. वेफर्सवाले मुलगे वरून खाली येत होते, ते अंग आक्रसून कठड्याला चिकटले. एकाने आईला हात दिला. तो तिने धरला नाही. शेवटच्या पायरीवरून ती नाळेवर गेली आणि सरळ उभी राहिली, जितकं तिला राहता येतं तितकं.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पुढे निळं तळं, तळ्यात एक रिकामी बाटली तरंगत होती. पलीकडे समुद्रांच्या नावांचे टॉवर, त्यांच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. त्यापलीकडे हायवेवरून गाड्यांनी भरलेले ट्रेलर चालले होते. आईने तिकडे फार वेळ बघितलं नाही. ती पायाखाली बघत होती. टोकाला एक सुकलेला नारळ तारेने बांधला होता आणि त्यावर प्लॅस्टिकचा झेंडू. कोपऱ्यात झाडूवाल्याची बादली, पोछा, कुणीतरी थुंकलेल्या गुटख्याचा डाग. बोल्टची डोकी. तिने वाकून नारळाच्या मागे पाहिलं. कठड्याच्या पलीकडे पाहिलं. बादली पायाने सरकवून तिच्याखालीसुद्धा पाहिलं.

मग ती माझ्याकडे वळली. घरात चिडायचं काम माझ्याकडे असतं, आईला मी कधी तसं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"हितं तर कायच नाय," ती म्हणाली आणि खाली जमलेल्या माणसांकडे वळली. "कायच नव्हतं तर मला पाण्यात कशाला उभी ठेवलीत?"

खालून सगळे वर बघत होते.